जीवशास्त्राच्या पदवीनंतर : बंगळुरूतील उच्च शिक्षण आणि व्यवसायाच्या वाटा

वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेण्यात येणाऱ्या 'नीट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षेस २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाख ३६ हजारांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यांतील मोठा हिस्सा खासगी महाविद्यालयांतील असल्याने सामान्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणजेच परीक्षेत 'पात्र' ठरलेल्या दर दहा विद्यार्थ्यांमागे सुमारे नऊ जणांना एमबीबीएसचा प्रवेश मिळत नाही. यांतील काही दंतवैद्यक, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीकडे वळतात, काही पुन्हा परीक्षेची तयारी करतात, आणि मोठ्या संख्येने विद्यार्थी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान या विषयांत बीएस्सीला प्रवेश घेतात.

या पदवीनंतर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात जितका विचारला जातो तितकाच बेळगाव, निपाणी, कारवार या भागांतील मराठी कुटुंबांतही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना बंगळुरूचे नाव वारंवार पुढे येते. जीवविज्ञानातील संशोधन संस्था, कृषी व पशुवैद्यक शिक्षण, मोठी रुग्णालये आणि जैवतंत्रज्ञान उद्योग हे सारे एकाच शहरात एकवटल्याचे उदाहरण देशात फारसे आढळत नाही. प्रस्तुत लेखात या शहरातील उपलब्ध वाटांचा, त्यांच्या प्रवेश परीक्षांचा आणि त्यांतील अडचणींचा आढावा घेण्यात आला आहे.

'पूर्ववैद्यकीय' पदवी म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी सहसा चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. तेथे जीवशास्त्राची पदवी ही खऱ्या अर्थाने वैद्यकीय शिक्षणाची पायरी असते. भारतात तशी व्यवस्था नाही. येथे बारावीनंतर थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. जुन्या पिढीतील वाचकांना इंटर सायन्सचा 'बी' गट आठवत असेल. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध येण्यापूर्वी वैद्यकीय प्रवेशाचा मार्ग त्या गटातून जात असे. आज ती जागा बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या गटाने घेतली आहे.

बीएस्सी झालेल्या विद्यार्थ्यास 'नीट' देता येते. बारावीत आवश्यक विषय असले म्हणजे पुरे, आणि या परीक्षेस सध्या कमाल वयोमर्यादाही नाही. तथापि बीएस्सीच्या तीन वर्षांच्या बदल्यात एमबीबीएसमध्ये एका दिवसाचीही सवलत मिळत नाही. पदवीधर विद्यार्थ्यासही पहिल्या वर्षापासूनच प्रारंभ करावा लागतो आणि गुणवत्ता यादीत पदवीच्या गुणांना स्थान नसते.

असे असूनही अनेक घरांत बीएस्सीची तीन वर्षे 'नीट'च्या पुढील प्रयत्नांसाठीचे प्रतीक्षालय मानली जातात. महाविद्यालयात नाव, शिकवणी वर्गात उपस्थिती, आणि दर वर्षी मे महिन्यात एक परीक्षा, असा क्रम सुरू राहतो. पुन्हा प्रयत्न करण्यात गैर काहीच नाही. अडचण आहे ती वेळापत्रकाची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते.

परीक्षांचे वेळापत्रक

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे घेण्यात येणारी, 'जेजीईईबिल्स' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी जीवविज्ञानाची संयुक्त प्रवेश परीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था मिळून घेत असलेली 'जॅम' ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरून घेतले जातात. केंद्रीय व अन्य विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची 'सीयूईटी-पीजी' मार्चच्या सुमारास असते. 'नीट' मात्र मे महिन्यात होते व तिचा निकाल सामान्यतः जूनमध्ये लागतो.

याचा अर्थ असा की तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने गणेशोत्सव ते दिवाळी या काळात पुढील शिक्षणाचे अर्ज भरलेले नसतील, तर जूनमध्ये 'नीट'चा निकाल प्रतिकूल लागल्यावर त्याच्यासमोर उघडे असलेले दरवाजे फार थोडे उरतात. चांगल्या संशोधन संस्थांच्या मुलाखती तोवर बहुतांशी उरकलेल्या असतात. एक वर्ष पुन्हा वाया जाते, आणि ते वाया गेले म्हणून आणखी एकदा 'नीट' दिली जाते. हे चक्र टाळण्यासाठी 'नीट' सोडून देण्याची सक्ती नाही. दोन्ही अर्ज भरता येतात. मात्र दुसरा अर्ज भरायचा आहे हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरलेले असावे लागते.

बेल्लारी रस्त्यावरील संस्था

बंगळुरूच्या सदाशिवनगर भागातून बेल्लारी रस्त्याने उत्तरेकडे निघाल्यास जीवविज्ञानाच्या बहुतेक महत्त्वाच्या संस्था काही किलोमीटरच्या अंतरात भेटतात. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, क्षयरोगावरील राष्ट्रीय संस्था, हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, कृषी विज्ञान विद्यापीठाचा 'जीकेव्हीके' परिसर, त्याच परिसरात वसलेले राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि पुढे जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, असा हा क्रम आहे. पं. नेहरूंच्या जन्मशताब्दी वर्षात, म्हणजे १९८९ साली, जक्कूरच्या केंद्राची स्थापना झाली. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अंग असून ओबेद सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकारंभी आकारास आले. सिद्दिकी यांची पहिली पदवी वनस्पतिशास्त्राची होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने भारतीय विज्ञान संस्थेशी एक जुना संबंध जोडला गेला आहे. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी परीक्षा उत्तम प्रकारे उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली येथे प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील व काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या व अन्य अटींवर त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी पुढे स्त्रियांना प्रवेश देण्यास मान्यता दिली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेलेल्या या शास्त्रज्ञ पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांचे संशोधन विशेष गाजले. ज्येष्ठ विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

संशोधनाची वाट

बीएस्सीनंतर थेट संशोधनाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एकात्मिक पीएचडी हा मार्ग उपलब्ध आहे. यात एमएस्सी आणि पीएचडी सलग पूर्ण करता येते. भारतीय विज्ञान संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र व जक्कूरचे केंद्र या तिन्ही ठिकाणी जीवविज्ञानात अशी सोय आहे. जागा मोजक्या असतात आणि अंतिम निवड मुलाखतीवर अवलंबून असते. मुलाखतीत पाठांतर उपयोगी पडत नाही. एखादा प्रयोग कसा आखाल, आलेल्या आकड्यांवरून कोणता निष्कर्ष काढाल, या स्वरूपाचे प्रश्न विचारले जातात. बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावात चार-पाच वर्षे घालवलेल्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी येथेच लागते.

'जॅम' परीक्षेत प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जैवतंत्रज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते आणि तीत गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रावरील प्रश्नही असतात. बारावीला गणित सोडलेल्यांची येथे दमछाक होते. महाराष्ट्रात 'डॉक्टरच व्हायचे आहे' म्हणून अकरावीतच गणिताला रजा देण्याची प्रथा रूढ आहे. याउलट कर्नाटकात पदवीपूर्व वर्गांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर आढळते. परिणामी तेथील विद्यार्थी वैद्यकीय प्रवेश हुकला तरी अभियांत्रिकी वा मूलभूत विज्ञानाकडे सहज वळू शकतो. भारतीय विज्ञान संस्थेने २०११ साली सुरू केलेल्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठीही बारावीला गणित असणे अनिवार्य आहे. पुढे संशोधनात जनुकीय माहितीचे विश्लेषण असो वा साथरोगाचा अंदाज, संख्याशास्त्रावाचून काम चालत नाही. ज्यांनी गणित सोडले आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचा तेवढा एक विषय देता येतो. तथापि असा विषय इच्छित संस्थेस चालतो किंवा कसे, याची खात्री आधी करून घ्यावी.

आर्थिक बाजूही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केंद्र शासनाच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये, तर वरिष्ठ शिष्यवृत्तीची ४२ हजार रुपये करण्यात आली. घरभाडे भत्ता याव्यतिरिक्त मिळतो. एकात्मिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन वर्षांत मिळणारे विद्यावेतन मात्र याहून कमी असते. शिवाय रक्कम वेळेवर जमा होत नसल्याची तक्रार देशभरातील संशोधक विद्यार्थी वेळोवेळी करत आले आहेत. पीएचडीस पाच ते सहा वर्षे, त्यानंतर परदेशात वा देशात उत्तर-डॉक्टरेट संशोधनाची तीन-चार वर्षे, आणि मग प्राध्यापकपदासाठी स्पर्धा, हा प्रवास डॉक्टर होण्यापेक्षा लांबचा आहे. डॉक्टरकीला पर्याय म्हणून संशोधन निवडणाऱ्यांनी हे गणित घरातील वडीलधाऱ्यांसमोर मांडलेले बरे. संशोधनाची ओढ नसताना केवळ प्रतिष्ठेसाठी ही वाट धरणे शहाणपणाचे नाही, असे आमचे मत आहे.

ओढ आहे की नाही हे तपासण्याचा एक चांगला मार्ग बंगळुरूतच आहे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या सहकार्याने उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास सुट्टीतील सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करावयास मिळते. जक्कूरच्या केंद्राचेही असे उन्हाळी कार्यक्रम आहेत. दोन महिने परीक्षानळ्या धुणे, फसलेला प्रयोग पुन्हा मांडणे आणि सोमवारच्या बैठकीत त्याविषयी प्रश्नांना तोंड देणे, हा अनुभव कोणत्याही मार्गदर्शन शिबिरापेक्षा अधिक शिकवून जातो. या शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात भरावे लागतात.

वन्यजीव आणि पर्यावरण

या क्षेत्रात बंगळुरूचे स्थान निर्माण होण्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून जीवशास्त्राची पदवी व मुंबईतून प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेले माधव गाडगीळ हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९७३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथील परिस्थितिविज्ञान केंद्राची उभारणी त्यांनी केली. पश्चिम घाटासंबंधी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली सादर केलेला अहवाल महाराष्ट्रासह सहा राज्यांत चर्चेचा विषय ठरला.

राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २००४ पासून वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन या विषयातील एमएस्सी अभ्यासक्रम चालतो. त्याची तुकडी दरवर्षी नव्हे, तर दोन वर्षांतून एकदा घेतली जाते. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. निवड परीक्षा व मुलाखतीद्वारे होते आणि तुकडी लहान असते. अभ्यासक्रमात वर्गाबाहेरील, प्रत्यक्ष जंगलातील कामाचा भाग मोठा असल्याने शारीरिक कष्टांची तयारी हवी. १९९६ साली स्थापन झालेली 'एट्री' ही संस्थाही बंगळुरूत असून तेथे पर्यावरण व समाज यांच्या परस्परसंबंधांवर पीएचडी करता येते. भारतीय वन सेवेची परीक्षा हा आणखी एक मार्ग होय. त्यासाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या विहित विषयांपैकी एक असावा लागतो, ही अट जीवशास्त्राचे पदवीधर आपोआप पूर्ण करतात.

शेती आणि पशुवैद्यक

पशुवैद्यक पदवी ही साडेपाच वर्षांची असून तिचा दर्जा व जबाबदारी वैद्यकीय पदवीच्या जवळ जाणारी आहे. तरीही 'नीट'मध्ये अपेक्षित गुण न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या घरी तिचा विचार अखेरीस होतो, हे खेदाने नमूद करावे लागते. देशभरातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत 'नीट'च्या गुणांवर भरल्या जातात. हेब्बाळचे महाविद्यालय त्यांत समाविष्ट आहे. महाराष्ट्रातील राज्य कोट्याचे प्रवेशही 'नीट'च्याच गुणांवर होतात. त्यामुळे 'नीट'चा अर्ज भरताना केवळ एमबीबीएस डोळ्यांसमोर ठेवण्याचे कारण नाही. शासकीय पशुधन विकास अधिकारी, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, लसनिर्मिती आणि अलीकडे शहरांत वाढलेली पाळीव प्राण्यांची रुग्णालये, असे या पदवीचे क्षेत्र विस्तृत आहे.

कृषी विज्ञान विद्यापीठात बीएस्सी कृषी हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. साध्या बीएस्सीनंतर एमएस्सी कृषीकडे वळू पाहणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. बहुतेक कृषी विषयांसाठी कृषी शाखेचीच पदवी मागितली जाते. अपवाद काही थोड्या विषयांचा असतो. शहरातच फलोद्यान, कृषी कीटक व पशुपोषण या विषयांवरील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था आहेत आणि तेथील प्रकल्पांमध्ये जीवशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना तात्पुरत्या नेमणुका मिळतात.

रुग्णालयाच्या आत, डॉक्टर न होता

रुग्णसेवेची खरी आवड असणाऱ्यांसाठी संलग्न आरोग्य व्यवसायांचा विचार प्रथम व्हावा. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण व प्रतिमा तंत्रज्ञान, भूलशास्त्र तंत्रज्ञान, डायलिसिस, नेत्रतपासणी, भौतिकोपचार हे त्यांतील प्रमुख होत. या व्यवसायांना दीर्घकाळ एकसंध कायदेशीर चौकट नव्हती. २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केल्याने नोंदणी व अभ्यासक्रमांचे प्रमाणीकरण यांस प्रारंभ झाला. कर्नाटकात हे अभ्यासक्रम प्रामुख्याने राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. मेंदू व मानसिक आरोग्य या क्षेत्रात देशात अग्रगण्य असलेली 'निम्हान्स' ही संस्था परिचर्या व तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालवते. संलग्न अभ्यासक्रम बारावीनंतरचे असल्याने बीएस्सी पूर्ण केलेल्यास पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. म्हणून हा निर्णय बारावीनंतर लगेच झाल्यास तीन वर्षे वाचतात.

बीएस्सीनंतर वैद्यकीय महाविद्यालयातच शिरण्याचा एक फारसा परिचित नसलेला मार्ग आहे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, वैद्यकीय जीवरसायनशास्त्र अशा विषयांतील तीन वर्षांची एमएस्सी पदवी विज्ञान पदवीधरांना घेता येते. हे पदवीधर रुग्ण तपासत नाहीत, परंतु भावी डॉक्टरांना पहिल्या वर्षाचे विषय शिकवू शकतात. या अध्यापकांच्या नेमणुकीचे नियम मात्र सातत्याने बदलत आले आहेत. २०२० मध्ये त्यांच्यासाठीच्या जागांवर मोठी मर्यादा आणण्यात आली, तर २०२५ च्या नियमांत सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र विभागांतही अशा अध्यापकांना पुन्हा वाव देण्यात आला. तीन वर्षांची गुंतवणूक करण्यापूर्वी त्या वेळचे नियम वाचणे इष्ट.

सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्रही जीवशास्त्राच्या पदवीधरांना खुले आहे. बंगळुरूत १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतून देशाच्या जिल्हा क्षयरोग कार्यक्रमाची आखणी झाली. डॉक्टरांबरोबर संख्याशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञांनी मिळून केलेले ते काम होते. कोविडच्या साथीनंतर साथरोगशास्त्र व आरोग्यविषयक माहितीचे विश्लेषण यांचे महत्त्व सर्वांनाच पटले आहे. मात्र सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रत्येक संस्थेची पात्रता निराळी असते व काही ठिकाणी वैद्यकीय पदवीधरांना प्राधान्य मिळते.

उद्योगातील संधी

बंगळुरूच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाची कथा या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. किरण मजुमदार यांना डॉक्टर व्हावयाचे होते. ते जमले नाही. त्यांनी बंगळुरू विद्यापीठातून १९७३ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि वडिलांच्या सूचनेवरून मद्यनिर्मितीच्या शास्त्राचा, म्हणजे किण्वनाचा, अभ्यास ऑस्ट्रेलियात केला. भारतात परतल्यावर स्त्री असल्यामुळे त्यांना या व्यवसायात मुख्य पदाची नोकरी मिळेना. अखेर १९७८ साली १० हजार रुपयांच्या भांडवलावर, भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत त्यांनी 'बायोकॉन' सुरू केली. पपईपासून मिळणारे पपेन हे विकर त्यांच्या आरंभीच्या उत्पादनांपैकी होते. कंपनी २००४ मध्ये भांडवल बाजारात उतरली. किण्वन हे कसब मद्यासाठी शिकले गेले आणि इन्सुलिनच्या उत्पादनास उपयोगी पडले.

हे उदाहरण प्रेरणादायी असले तरी सर्वसामान्य पदवीधराची स्थिती वेगळी आहे. कर्नाटक शासनाने २००१ साली जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर केल्यानंतर देशभर या विषयाच्या पदव्यांचे पेव फुटले. महाविद्यालयांनी अभ्यासक्रम सुरू केले, मात्र अनेक ठिकाणी प्रयोगशाळा नावापुरत्याच राहिल्या. केवळ बीएस्सीवर मिळणाऱ्या नोकऱ्या उत्पादन वा गुणवत्ता नियंत्रण विभागातील सहायकाच्या असतात, आणि आरंभीचे वेतन बंगळुरूच्या घरभाड्यापुढे तुटपुंजे ठरते. एमएस्सीनंतर परिस्थिती सुधारते, पण प्रत्यक्ष हाताने काय करता येते यावरच निवड होते. पेशीसंवर्धन, क्रोमॅटोग्राफी, पीसीआर ही तंत्रे नुसती वाचलेली असून भागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी बायोकॉनने स्वतःची प्रशिक्षण अकादमी स्थापन केली आहे. संगणकाची आवड असणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीतील जैवमाहितीशास्त्र व उपयोजित जैवतंत्रज्ञान संस्थेचा विचार करता येईल. जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपन्यांत जीवशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग ही दोन्ही अंगे जाणणाऱ्यांना मागणी आहे.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद व छाननी, चिकित्सालयीन चाचण्यांच्या माहितीचे व्यवस्थापन, वैद्यकीय लेखन आणि वैद्यकीय कोडिंग ही कामे बंगळुरूतील अनेक बहुराष्ट्रीय कार्यालयांत चालतात. पहिल्या प्रकारात औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांना झुकते माप मिळते. कोडिंगमध्ये प्रवेश सुलभ असला तरी काम एकसुरी असते. या नोकऱ्यांच्या नावाखाली भरमसाट शुल्क घेऊन प्रमाणपत्रे देणारे खासगी वर्ग शहरात ठिकठिकाणी आढळतात. नोकरीची 'शंभर टक्के हमी' देणाऱ्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरू नयेत.

एका कमी गर्दीच्या वाटेचा उल्लेख येथे करावासा वाटतो. पेटंट कायद्यानुसार विज्ञान वा अभियांत्रिकीचा पदवीधर विहित परीक्षा उत्तीर्ण होऊन पेटंट एजंट म्हणून नोंदणी करू शकतो. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. औषधे, बियाणे व निदान तंत्रे यांच्या पेटंटचे मसुदे तयार करण्यास जीवशास्त्र जाणणारा माणूस लागतोच. कायद्याचेही शिक्षण घ्यावयाचे असल्यास बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. अध्यापन, अन्नसुरक्षा अधिकारी, लोकसेवा परीक्षा हे मार्ग महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचे नियम

कर्नाटकातील राज्य कोट्याच्या जागांसाठी विद्यार्थ्याने त्या राज्यात किमान सात वर्षे शिक्षण घेतलेले असणे ही सर्वसाधारण अट आहे. बेळगाव किंवा निपाणीच्या मराठी विद्यार्थ्यास तिचा लाभ मिळतो, तर सीमेपलीकडील चंदगड वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास मिळत नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी त्यामुळे राष्ट्रीय परीक्षांच्या मार्गानेच बंगळुरूचा विचार करावा. वर उल्लेखिलेल्या केंद्रीय संशोधन संस्थांत राज्याचा प्रश्न उद्भवत नाही. खासगी व अभिमत विद्यापीठांत प्रवेश मिळतो, परंतु शुल्क बरेच अधिक असते.

पदवीच्या कालावधीबाबतही दक्षता घ्यावी लागेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी २०२१ मध्ये सर्वप्रथम लागू करणाऱ्या राज्यांत कर्नाटक होते. मात्र २०२४-२५ पासून तेथील राज्य विद्यापीठे पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळली. महाराष्ट्रात तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याची किंवा चौथे वर्ष पूर्ण करण्याची मुभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएचडी प्रवेशास पात्र ठरतो, आणि अशा पदवीधरास एमएस्सी एका वर्षात करता येते. तीन वर्षांची पदवी घेऊन बंगळुरूला जाणाऱ्यास दोन वर्षांची एमएस्सी करावी लागते. चौथे वर्ष आपल्याच महाविद्यालयात संशोधन प्रकल्पासह पूर्ण करावे की तीन वर्षांनंतर एकात्मिक पीएचडीची परीक्षा द्यावी, याचा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपूर्वी घ्यावा लागतो, कारण 'जॅम'चे अर्ज त्याच सुमारास सुरू होतात.

प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे लागते. अंतिम वर्षाचा निकाल लांबल्यास तात्पुरत्या प्रवेशाची मुदत किती आहे, हे संबंधित संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे निकाल काही वेळा जुलैपर्यंत लांबतात आणि बंगळुरूतील बहुतेक संशोधन संस्थांचे सत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते.